एकाच स्क्रूची परीक्षा

जयनगरातल्या माझ्या दवाखान्यात येणाऱ्या त्या बाई बंगळूरच्याच जुन्या मराठी घरातल्या. हिरड्यांच्या आजाराने खालचे सगळे दात चाळिशीतच गेलेले. जबड्यात रोवलेले धातूचे इम्प्लांट हाडाने छान धरले होते. त्यांवर दातांची अख्खी पट्टी स्क्रूने बसवायची, एवढंच उरलं होतं. दोनच दिवसांनी त्यांच्या मुलाची मुंज होती. मातृभोजनाला आई आणि मुलगा एका ताटात शेवटचं जेवतात. ढिल्या कवळीमुळे बाई एरवी तोंडाला पदर लावून जेवत. त्या ताटावर तरी पदर नको, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

मी जात्याच संशयी. सगळे स्क्रू आवळले की वाकडी पट्टीही मुकाट बसते, आणि तो ताण मग हाड सोसत राहतं. म्हणून मी आधी एका टोकाचा एकच स्क्रू आवळतो आणि दुसऱ्या टोकाकडे बघतो. ते उचललं गेलं. जरासंच, पण उचललं गेलं. एक्स-रेमध्येही फट दिसली. मला पट्टी बनवणाऱ्या लॅबचा राग आला, मग त्या मुंजीचासुद्धा.

तरी मोह झालाच. सगळे स्क्रू आवळून पाहिले, तर पट्टी झकास बसली. बाईंनी आरसा मागितला आणि तोंडावर हात न धरता हसल्या. पट्टी कापून, पुन्हा जोडून आणावी लागेल, आठवडा जाईल, हे मला त्यानंतर सांगावं लागलं.

"दोन दिवसांत तुटेल का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग राहू दे की. मुंज झाली की काढा. स्वल्प दिवसांचा तर प्रश्न."

मी नाही म्हणालो. दुखत नाही म्हटल्यावर माणूस दवाखान्याकडे फिरकत नाही. असा एकजण पुढे सैल झालेला इम्प्लांट घेऊनच आला होता. हे मी बाईंना सांगितलं नाही. कानडीत 'सरी', म्हणजे बरं, म्हणून त्यांनी जुनी कवळी तोंडात घातली. मुंजीच्या दिवशी माझं कामात लक्ष लागलं नाही.

पुढच्या आठवड्यात दवाखाना उघडायच्या आधीच बाई पायरीवर बसलेल्या होत्या. मातृभोजनाला काय खाल्लं, ते मी भीतभीतच विचारलं. दहीभात, म्हणाल्या, पदराआडून. मी एकच स्क्रू आवळला. दुसरं टोक हललं नाही. उरलेलेही आवळले आणि आरसा पुढे केला. बाईंनी तो घेतला नाही.

"मी परत आले असते, डॉक्टर," त्या म्हणाल्या.