सात बिऱ्हाडांचं घर

जुन्या नाशकातलं ते तीन मजली घर मी विकत घेतलं, तेव्हा सगळ्यांनी मला वेड्यात काढलं. गंगापूर रोडचा लिफ्ट असलेला, भरपूर उजेडाचा फ्लॅट विकून बाई भद्रकालीच्या बोळात काय शोधायला निघाली, असं ऑफिसातल्यांनी तोंडावर विचारलं. मला जुनी घरं आवडतात, एवढंच उत्तर माझ्याजवळ होतं. एकेकाळी सात बिऱ्हाडं नांदलेलं ते घर पाडून कुणी टॉवर उभा करण्याआधी आपण ते नीट करावं, असं मनात आलं. आणि माझ्या डोक्यात एकदा शिरलं की शिरलं.

आईचं बोलणं मात्र लागलं. वडील गेल्यापासून आम्ही दोघीच. तिच्यासाठी तळमजल्याची खोली मी आधीच ठरवली होती. बोळाचं नाव ऐकताच ती म्हणाली, "मी वृद्धाश्रमात जाईन, पण त्या घरात पाय ठेवणार नाही."

कारण विचारलं की भाजी निवडायला बसायची. सहा महिने दुरुस्ती चालली आणि सहा महिने बाईसाहेब भाजी निवडत होत्या.

"तू ते घर पाहिलंयस तरी का कधी?"

"नाही."

फ्लॅटचा ताबा द्यायला पंधरा दिवस उरले, तेव्हा माझा तोल सुटला. म्हटलं, "कारण सांग, नाहीतर आज माझ्याबरोबर चल आणि घर बघून नाही म्हण." ती उठली आणि साडी बदलून रिक्षात बसली.

दुपारचे तीन वाजले होते. वायरमननं मेन स्विच बंद केला होता, आणि त्या घरात दारातून आत गेल्यावर पहिली दहा पावलं भर दुपारीही काही दिसत नाही. मी मोबाइलचा टॉर्च लावेपर्यंत आई पुढे गेलीसुद्धा. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, फ्लॅटमध्ये भिंतीला धरून चालणारी बाई. मधल्या दाराची चौकट बुटकी आहे, तिथे मी तीनदा कपाळ आपटून घेतलं होतं. आईनं अंधारातच मान लववली आणि पलीकडे गेली. 'सांभाळ' हा शब्द माझ्या तोंडातच राहिला.

तिथून जिना. चौथी पायरी खिळखिळी होती, ती सुतारानं गेल्याच आठवड्यात नवी बसवली होती. आईनं पदर खोचला, तीन पायऱ्या चढली आणि चौथी सोडून थेट पाचवीवर पाय टाकला. खरं सांगते, त्या क्षणी मला माझ्या आईची भीती वाटली.

सातांपैकी एकच बिऱ्हाड वर उरलं होतं, साठ-पासष्ट वर्षं इथेच राहिलेली एका शिंप्याची विधवा. सगळा बोळ तिला चाची म्हणतो. तिचे डोळे गेलेत. तिला तिथेच राहू द्यायचं, असं मी खरेदीच्या वेळीच कबूल केलं होतं. ती मला मालकीणबाई म्हणायची. माझं नाव तिनं कधी विचारलं नव्हतं.

त्या दुपारी वरच्या अंधारातून तिनं माझं नाव घेऊन हाक मारली. शेवटचं अक्षर लांबवून, घरचं माणूस मारतं तशी.

मी तोंड उघडलं. पण "ओ" आई म्हणाली.

"आलीस का गं?" चाची म्हणाली. "चौथी सोडून चढलीस, तशी ओळखलं. कित्ती साल लावलेस. ये, बैस इकडं."

आई पाचव्या पायरीवरच बसली आणि माझ्याकडे पाठ करून सांगू लागली. सतराव्या वर्षी ती लग्न होऊन याच घरात आली होती. माझ्या वडिलांशी झालेलं ते लग्न नव्हे. त्या मुलानं तांदळाच्या ताटात तिचं नवं नाव लिहिलं. दोन वर्षांत तो तापानं गेला आणि सासरच्यांनी तिला माहेरी पोचवलं. पुढे माझ्या वडिलांशी लग्न झालं, नवं ताट, नवं नाव. आधीचं कुणी उच्चारायचं नाही असं ठरलं. माझ्या बारशाला आत्यानं वेगळंच नाव आणलं होतं. आई हट्टाला पेटली आणि तिचं ते पहिलं नाव मला ठेवायला लावलं.

"ते नाव तोंडी घ्यायला मला दुसरी वाट नव्हती गं."

"बाबांना ठाऊक होतं?"

"लग्नाचं होतं. नावाचं नाही."

मला राग आला. पन्नास वर्षं मी ज्या हाकेला धावत गेले, ती माझी नव्हतीच की काय? तरी विचारलं, "घर विकून टाकू?"

"नको," आई म्हणाली. "आता आलेच आहे."

आम्हाला राहायला येऊन आठ महिने झाले. या घरात आईनं मला एकदाही नावानं हाक मारलेली नाही. "अगं" म्हणते. वरून चाचीची हाक आली की आमच्या दोघींच्याही हातातलं काम थांबतं. आई "ओ" देते. मी पुन्हा कामाला लागते.