बेलभंडार, बुंदी आणि मामीची तीन मतं

नगर जिल्ह्यात फिरायला कधी जावं असं कुणी विचारलं, तर मी बेलाशक सांगेन, निवडणुकीत जा. एरवी तिथे ऊन, धूळ आणि नातेवाईक असतात. निवडणुकीतही हे तिन्ही असतातच, पण वर फुकट बुंदी मिळते. लढाई संपली तरी साखर अजून रेशनवरच आहे, पुण्यात आम्ही चहात गूळ घालतो, आणि तिकडे एकेका उमेदवाराच्या मांडवात बुंदीच्या पराती भरलेल्या. साखर कुठून येते, हे विचारायला मी काही पोलीस नव्हे.

तर सन शेहेचाळीसच्या मार्चात मुंबई असेंब्लीचं मतदान लागलं आणि बापूमामाचा निरोप आला, "ये. लिहिता-वाचता माणूस घरात बरा." बापूमामा म्हणजे माझ्या आईचा धाकटा भाऊ. राहुरी तालुक्यात देवळाली-प्रवरेच्या पलीकडे त्याचं गाव, पाटाच्या पाण्यावर ऊस.

"तुम्हाला तरी मत आहे का?" बायकोने विचारलं. नाही. सरकार सगळ्यांना मत देत नाही. शेतसारा भरा, मॅट्रिक व्हा, नाहीतर घरपट्टी भरा. माझ्याकडे कापडाच्या दुकानातली नोकरी, भाड्याची खोली आणि मॅट्रिकला गणितात मिळालेला भोपळा. म्हणून मी शुद्ध प्रेक्षक. ही सहल करायची तर असंच जावं, डोक्याला ताप नसतो.

रस्ता सांगतो. पुण्याहून दौंड, तिथे गाडी बदलायची. बदलायची म्हणजे फलाटावर बसून मनमाडच्या गाडीच्या नावाने बोटं मोडायची. भाकरी घरून न्या, दौंडची भजी लढाईच्या आधीची असावीत. नगर स्टेशनावर मात्र चहा घ्या, खरं दूध घातलेला असतो. डब्यात दोन शेतकरी बोलत होते.

"तुजी मतं कुनाला रं?"

"दोघांचं जेवलोय. तिसऱ्याचं मटान उद्या हाय. मंग बघू."

इतका प्रामाणिक मतदार मी पुण्यात पाहिला नव्हता.

राहुरीला उतरलो तर कोळशाच्या गॅसवरची मोटार उभी होती. पेट्रोल मिळत नाही म्हणून तिच्या पाठीला शेगडी बांधलेली. चढ आला की उतारूंनी खाली उतरून ढकलायचं आणि तिकीटही काढायचं. मी वैतागून एका झेंडेवाल्या बैलगाडीला हात केला. गाडीवानाने विचारलं, "मतदार का?" मी म्हटलं, "बापूंकडचा." लगेच पोत्यावर जागा झाली. थाप नव्हती, बापूंकडचा तर मी आहेच.

आता घरचे लोक. बापूमामा, पागोटं आणि मिशा दोन्ही भरघोस. मामी, बोलायला कमी आणि बघायला फार. आणि इंदू, त्यांची चौदा वर्षांची मुलगी. माझं लग्न झालंय, दोन पोरं आहेत, हे आत्ताच सांगतो, नाहीतर मामेबहीण म्हटल्याबरोबर वाचक अक्षता शोधायला लागतात. इंदू मराठी सातवी पास झाली होती आणि तिला नगरच्या ट्रेनिंग शाळेत जाऊन मास्तरीण व्हायचं होतं. नगरला मामीची बहीण राहते, राहायची सोय होती. फक्त मामा नाही म्हणत होता.

कारण आबासाहेब. हे पहिले उमेदवार, मोठे बागायतदार. त्यांनी आपल्या पुतण्यासाठी इंदूला मागणी घातली होती, वैशाखात बार उडवून देऊ म्हणाले. इंदू हे ऐकल्यापासून जेवत नव्हती. "दादा, तुम्ही तरी सांगा ना बाबांना," तिने मला गोठ्याशी गाठून सांगितलं आणि रडायलाच लागली. मला खरंच वाईट वाटलं. पण माझं ऐकणारा मामा असता तर तो माझा मामा कसला!

मागणीबरोबर आबासाहेबांनी मामाकडून शपथही घेतली. आमच्याकडे शपथ म्हणजे नुसतं तोंडाने बोलणं नाही. खंडोबापुढचं बेलाचं पान आणि भंडारा म्हणजे हळद हातात उचलायची आणि बोलायचं. एकदा बेलभंडार उचलला की शब्द मोडायची कुणाची छाती होत नाही. मामाने उचलला, "घरातली समदी मतं तुमची."

चार दिवसांनी दुसरे उमेदवार आले, नगरचे वकीलसाहेब. मामाचा पाटाच्या पाण्याचा दावा तेच चालवतात. त्यांनीही कोटाच्या खिशातून बेलाचं पान काढलं, शिकलेला माणूस तयारीने येतो. मामाने पुन्हा उचलला, "घरातली समदी मतं तुमची."

"मामा, दोघांना?" मी म्हटलं.

"मंग काय तोंडावर न्हाई म्हनू? दारी आलेला माणूस!"

आणि मग मामाला रात्रंदिवस खंडोबा दिसायला लागला.

इथे मतांचा हिशेब समजून घ्या. आमच्या भागात तीन जागा, म्हणून एकेका मतदाराला तीन मतं. ती तिघांना वाटा, नाहीतर तिन्ही एकालाच द्या. शिवाय मामाच्या घरात मतदार दोन होते. मामा शेतसारा भरतो म्हणून मामा, आणि मामाची बायको म्हणून मामी. तिचं नाव यादीत घालायचा अर्ज मामानेच केला होता. जास्त मतांच्या घराला उमेदवार जास्त वाकून नमस्कार करतात, एवढाच त्यातला स्त्रियांचा उद्धार.

मतदानाच्या आदल्या दिवशी मामा बाजाराला गेला होता. दुपारी एक तिसराच उमेदवार सायकल ढकलत दारात आला. पूर्वी कुठेसा मास्तर होता, बेचाळीसच्या धामधुमीत तुरुंगात गेला आणि नोकरी गेली. ना मांडव, ना बुंदी, ना बैलगाडी. सायकलीत हवाही नव्हती.

"मालक घरी न्हाईत," मामी दाराआडून म्हणाली.

"मालकांकडं न्हाई आलो, बाई. यादीत तुमचं नाव हाय. तुमची मतं मागायला आलोय."

मामी पदर सावरून दाराबाहेर आली. त्याला गूळ-पाणी दिलं. तो काय काय बोलला, ती उभ्याने ऐकत राहिली. तो गेल्यावर मी म्हटलं, "याची अनामत जप्त होणार बघ, मामी. जेवण घालायची ऐपत नाही नि निघाले असेंब्लीत." मामी रिकामा पेला उचलून आत गेली. मला वाटलं, पटलं.

संध्याकाळी मामा खूश होऊन आला. तोड सापडली होती. आपली तीन आबासाहेबांना, मामीची तीन वकीलसाहेबांना. दोघांनाही घरातली मतं मिळाली, खंडोबा काय मोजायला बसतोय?

"उद्याच्याला तुला वकीलसायबाला मत द्यायचंय," त्याने मामीला हुकूम सोडला.

"मी न्हाई येत."

"न्हाई कशी येत? मी बेलभंडार उचललाय!"

"मंग आनखी एकदा उचला. म्हना, बायकूनं देवळालीला येऊन मत टाकलं, तर इंदीला नगरला शाळंत धाडीन, आनि आबासायबाच्या पुतन्याला न्हाई म्हनून सांगीन. बोला."

मामा लाल झाला, ओरडला, पागोटं आपटलं. मामी भाकरी थापत राहिली. इंदू खांबाला धरून उभी होती. शेवटी मामाने विचार केला असणार की वकील हातचा गेला तर पाणीही गेलं. तो देवापुढे बसला, बेलाचं पान उचललं आणि मामीने सांगितलं ते शब्दनशब्द म्हणाला. तिने दोनदा म्हणवून घेतलं.

मतदानाचा दिवस. देवळालीच्या शाळेबाहेर जत्राच म्हणा ना. डावीकडे आबासाहेबांचा मांडव, उजवीकडे वकीलसाहेबांचा. मी निष्पक्षपणे दोन्हीकडे जेवलो. आबासाहेबांची बुंदी सरस, वकीलसाहेबांचं मटण तिखट पण पातळ, बहुधा कोर्टासारखं लांबवलेलं. सायकलवाला लिंबाखाली एकटा बसून मतदारांना नमस्कार करत होता. त्याच्याकडे पाण्याचा माठ होता, तोही अर्धा.

मामा आत जाऊन आला. मग बायकांच्या रांगेतून मामी गेली. नवी साडी, कपाळभर कुंकू. बाहेर आली तेव्हा चेहऱ्यावर काही दिसेना. आबासाहेबांनी मामाची पाठ थोपटली. वकीलसाहेबांनी मामीला लांबून हात जोडले. मामी तोंडात पदर धरून उभी राहिली, लाजली असं सगळ्यांना वाटलं.

परत येताना गाडीत मामा तंबाखू मळत म्हणाला, "दिलीस न्हवं वकीलसायबाला तिन्ही?"

"न्हाई."

"आं?"

"त्या सायकलवाल्याला दिली. तिन्ही."

मामाच्या हातातली तंबाखू गाडीत सांडली. "अगं ए! शपथ हाय माझी! देवाची शपथ हाय!"

"ती तुमी घेतली. मला कुनी घालाया आलं न्हाई. ना आबासायब, ना वकीलसायब, ना तुमी." मग थोडं थांबून म्हणाली, "त्यानं मला इचारलं. मला. माझ्या जल्मात पयल्यांदा कुनी काय मागितलं माझं म्हनून."

मी हसू दाबायला बैलांकडे बघत होतो, पण त्या वाक्याला माझं हसू गेलं. मामा गाव येईपर्यंत बडबडत होता, पण तिसरी शपथ मोडतो असं एकदाही म्हणाला नाही. दोन शपथांची वाट लागली होती, तिसरीला हात लावायची त्याची हिंमत नव्हती. दुसऱ्याच दिवशी तो आबासाहेबांकडे जाऊन मागणीला नकार देऊन आला, आणि तिथे काय ऐकून घेतलं ते त्याने आम्हाला सांगितलं नाही.

परतीच्या गाडीत इंदू माझ्या शेजारी होती, मांडीवर पत्र्याची पेटी. राहुरीपासून नगरपर्यंत ती खिडकीला चिकटून होती आणि मध्येच विनाकारण हसत होती. नगरला तिला मावशीच्या हवाली केलं. उतरताना तिने माझ्या हातात फडक्यात बांधलेली बुंदी दिली, "वहिनींना द्या." आबासाहेबांच्याच मांडवातली होती.

घरी आल्यावर बायकोने बुंदी खाल्ली आणि विचारलं, "एवढं जाऊन पाहिलंत काय?" मी सगळं सांगितलं. ती हसली नाही, उलट म्हणाली, "मामींना माझा नमस्कार कळवा."

काही दिवसांनी निकाल कळला. आबासाहेब पडले, वकीलसाहेब पडले, सायकलवाला निवडून आला. माझं भाकीत माझ्या मॅट्रिकच्या गणितासारखंच निघालं. पावसाळ्यात मामा गुळाची ढेप घेऊन पुण्याला आला. इंदू वर्गात दुसरी आली म्हणून सांगत होता. "पोरीला शिकवायचं पयल्यापासून माज्याच मनात हुतं," असंही म्हणाला, आणि मी हूं म्हटलं. मग इकडेतिकडे बघून त्याने आवाज खाली केला.

"सदा, यादीतनं मामीचं नाव काढता येतं का रं? अर्ज करून?"

मी गंभीर चेहरा करून ठोकून दिलं, "येतं की. फक्त अर्जावर तिची सही लागते."

मामाने पागोटं काढून ढेपेवर ठेवलं.

"ऱ्हाऊ दे मंग," तो म्हणाला. "सहीपायी ती आता काय मागंल, कुनी सांगावं!"