किल्लीच्या डबीची किल्ली

शिवणकारखान्यातल्या बायका स्टोअरकीपरला 'जबाबदार' म्हणत. आगीच्या धोक्याच्या वार्षिक तपासणीच्या फॉर्मवर 'जबाबदार व्यक्ती' अशी ओळ असते. तिथे खरं तर मालकाचं नाव हवं. पण मालक पडला त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ. "तुमच्याशिवाय विश्वास कुणावर टाकू, दाजी?" असं म्हणून त्याने दहा वर्षांपूर्वी ती ओळ त्यांच्या गळ्यात घातली आणि स्वतः मोकळा झाला.

जबाबदारांनी ती मनावर घेतली. जमिनीवर बाण रंगवले, आग विझवायची नळकांडी दर शनिवारी पुसली. वरच्या मजल्याच्या मागच्या दारातून कापडाचे तुकडे पळू लागले, तेव्हा दाराला कुलूप लावलं आणि किल्ली शेजारी काचेच्या डबीत टांगली. महिन्याभरात किल्लीच पळाली. मग नवी किल्ली, पत्र्याची डबी आणि डबीला छोटं कुलूप. त्याची किल्ली त्यांच्या कमरेला. दार कायम बंदच, तेव्हा पलीकडच्या जिन्यावर कापडाचे गठ्ठे रचले; जागा कोरडी होती. फॉर्मवर दरवर्षी लिहीत, 'मागचा दरवाजा : किल्ली जागेवर.' एक अक्षर खोटं नव्हतं.

वर बावीस बायका काम करत. काजं करायच्या मशीनवर त्यांची स्वतःची बायको.

"आग लागली तर हो?" तिने एकदा विचारलं.

"मी आहे ना."

"आणि तुम्ही नसलात तर?"

"मी कुठे जातोय?"

हे मात्र खरं. डबीला कुलूप लागल्यापासूनच्या सहा वर्षांत त्यांनी एक रजा घेतली नव्हती. सख्ख्या भाचीच्या लग्नालाही आहेर पाठवून भागवलं होतं.

शेवटी अक्कलदाढेने त्यांना बाहेर काढलं. तपासणीच्या आदल्या दुपारी ते दाताच्या डॉक्टरकडे आ वासून बसले होते, तेव्हा कारखान्यात खाली इस्त्रीच्या टेबलाने पेट घेतला आणि पुढचा जिना धुराने भरला. वर त्यांच्या बायकोने शिवणी दाबायची जड इस्त्री उचलली आणि पत्र्याची डबी ठेचली. चौथ्या घावाला किल्ली हाती आली. दार उघडलं, तर समोर गठ्ठे.

"बघा गं, जबाबदारांनी गाद्या घालून ठेवल्यात!" कुणीतरी खोकत म्हणालं. बावीसजणी गठ्ठ्यांवरून रांगत, घसरत खाली उतरल्या. एकीचा घोटा मुरगळला, तेवढ्यावर निभावलं.

जबाबदार परतले तेव्हा टेबल विझलं होतं आणि बायका अंगणात बसल्या होत्या. बायकोने चेपलेली डबी त्यांच्या हातात दिली. ते वर गेले, दाराचं कुलूप काढून खिशात टाकलं आणि एकेक गठ्ठा खाली वाहून आणला. चौदा भरले.

मालक फॉर्म घेऊन आला. "दाजी, उद्या साहेब येतोय. नेहमीसारखं लिहून टाका, सगळं ठीक. आणि दार उघडं ठेवलंत, तर कापडाला जबाबदार कोण?"

जबाबदारांनी त्या ओळीवर आधीच लिहिलेलं आपलं नाव खोडलं, फॉर्म मेव्हण्यापुढे सरकवला आणि त्याच्या हातात पेन दिलं. गालात कापसाचा बोळा होता, बोलता येत नव्हतं. बरंच झालं. तोंड मोकळं असतं, तर ते पुन्हा हो म्हणाले असते.