पॉझिटिव्ह आत्या

"तो कप नाही. तुझा तिकडं, खिडकीत ठेवलाय."

मॅडम सगळ्यांसमोर बोलल्या. अमरावतीच्या राजापेठेतल्या या खासगी दवाखान्यात मी आयाचं काम करते. रक्ताचे बोळे उचलते, बेडपॅन धुते. कचऱ्यातली सुई हातात घुसली, म्हणून हिपॅटायटिस बीची, म्हणजे रक्तातून पसरणाऱ्या काविळीची लस घेतली. सगळे डोस झाल्यावर रक्त तपासलं. कारभार पाहणाऱ्या मॅडमनी रिपोर्टावर नुसती नजर टाकली. "पॉझिटिव्ह आहे ही." बस. दुसऱ्या दिवशी खिडकीत दांडा तुटलेला कप.

मी काय केलं? त्यातच चहा प्यायले. धुऊन परत तिथंच पालथा घातला. याची लाज वाटते.

त्याहून मोठी लाज अकोल्याची. भावाला मुलगी झाली. बारसं होतं. मी एकुलती एक आत्या, कानात नाव सांगायचा मान माझा. वहिनीनं बाळ पुढं केलं. मी हात मागं घेतले.

"मले नको देऊ. दुसऱ्या कोणाले सांग."

वहिनीचा चेहरा उतरला. पोरगी झाली म्हणून नणंद रुसली, असं तिला वाटलं. भरल्या घरात माझ्या तोंडून खरं निघेना. शेजारणीनं कानात नाव सांगितलं. मी भिंतीला टेकून पाहत राहिले.

"काहून असं केलं, ताई?" पाहुणे गेल्यावर भावानं विचारलं. सांगितलं. त्यानं मला हात धरून सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट नीट वाचला.

"आजाराची तपासणी वेगळी असते, ती तुमची निगेटिव्ह आहे. पॉझिटिव्ह आहे ती अँटीबॉडीची. म्हणजे लस लागू पडली. अंगात पहारा उभा राहिला. आणि आजार असता तरी कपानं किंवा बाळ मांडीवर घेतल्यानं तो पसरत नाही."

मी वहिनीची माफी मागितली. "तवाच सांगतलं असतं तं?" एवढंच बोलून ती आत गेली.

अमरावतीला येऊन मॅडमना सांगितलं. "असं होय? मग घे आता आमच्या कपात."

"मले आजार असता तं?" मी विचारलं. त्या मोबाइल पाहू लागल्या.

तेव्हा आठवलं. मला काम शिकवणाऱ्या, माझ्याआधीच्या आयाचा कपही खिडकीतच असायचा. तिचं रक्त कोणी कधी तपासलंच नव्हतं; जात तेवढी विचारली होती. तो कप रोज माझ्या डोळ्यांसमोर होता आणि मी चकार शब्द काढला नव्हता.

खिडकीतला कप मी कचऱ्यात टाकला. त्यांच्या कपातही प्यायले नाही.

भाचीच्या कानात पहिला आवाज माझा पडला नाही. तो आता कधीच पडणार नाही. पण ती बोलायला लागली, की एक शब्द तिला मीच शिकवणार: "काहून?"