राणी नव्हे, रानी

माझं नाव रानी. राणी म्हणणारे पुष्कळ भेटले, पण राजाची ती राणी आणि रानातली ती रानी. कर्जतच्या पंतोजींच्या घरात हे नाव कसं आलं, ते आत्यानं मला सांगितलं.

मला जन्म देऊन आई तापानं गेली. गाईचं दूध मला पचेना. तेव्हा ठाकुरवाडीकडून मोळी विकायला येणारी एक ठाकरीण दारात थांबली. तिच्या पाठीला तिचं तान्हं बांधलेलं होतं. माझं रडणं ऐकून ती म्हणाली, "आन गं बाय हिकडं." आत्यानं मला तिच्या ओटीत घातलं.

शेजारणी कुजबुजल्या, "ठाकरणीचं दूध?"

"मग तुम्ही पाजता का?" आत्यानं विचारलं. कुणी पुढं आलं नाही.

ती आपलं लेकरू घेऊन वर्षभर आमच्या पडवीत राहिली. बारसं लांबलं होतं. नाव ठेवायचा मान आत्याचा. तिनं ठाकरणीलाच विचारलं, "तुझं नाव काय गं?"

"रानी. आय लाकडाला गेल्ती, तितंच रानात झाले मी."

आत्यानं तेच माझ्या कानात सांगितलं.

पुढं मला खालापूरला दिलं. लग्नात ताटात तांदूळ पसरून नवऱ्यानं अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहायचं. सासूबाईंनी एका देवीचं नाव ठरवून ठेवलं होतं. ते ऐकून मला रडूच फुटलं. त्यांनी जवळ घेऊन कारण विचारलं, तेव्हा हुंदके देत देत मी सगळं सांगितलं.

सासूबाईंनी माझे डोळे पुसले. मग मुलाला म्हणाल्या, "राहू दे रे. आहे तेच लिही."

नवऱ्यानं लिहिलं, राणी.

नवरीनं मान वर करू नये. पण मी पंतोजींची लेक. "बाणातला ण नाही, नळातला न," मी म्हणाले. सगळे हसले, सासूबाई सर्वांत मोठ्यानं. त्यांनी स्वतः तांदूळ सारखे केले आणि मुलाकडून नाव पुन्हा लिहून घेतलं. त्या माउलीचे उपकार मी कसे फेडू?

पहिल्या माहेरपणाला ठाकरीण पानाच्या द्रोणात करवंदं घेऊन आली.

"तांदळात माजं नाव लिवलं म्हंतात. खरं हाय का गं?"

"खरं आहे."

ती माझ्या बांगड्यांवरून नुसता हात फिरवत राहिली. तेवढ्यात आतून आत्यानं हाक मारली, "रानी, जेवायला ये," आणि आम्ही दोघीही उठलो.