कळंबातला पहिला सिनेमाचा शर्ट

चित्रपटाच्या नावावर माल खपवण्याचा धंदा केवढा वाढला आहे, हे मला कुणी शिकवू नये. बिस्किटाच्या पुड्यापासून शाळेच्या दप्तरापर्यंत नायकाचा चेहरा असतो आणि त्यासाठी कंपन्या आधीच करार करतात. मात्र कळंबात हे शहरी कंपन्यांनी आणले, असे जे म्हणतात ते चूक. टॉकीजच्या मालकांनी आणले, असे त्यांचे चिरंजीव सांगतात, तेही चूक. ते मी आणले. मी शिंपी आहे.

चिरंजीव आता सिनेमाचे टी-शर्ट विकतात. परवा त्यांनी आपल्या दुकानात गिऱ्हाइकांसमोर वडिलांची, म्हणजे दादांची, कीर्ती सांगायला सुरुवात केली. टॉकीजचे जुने डोअरकीपर चाचा आणि मी तिथेच बाकड्यावर होतो.

"करार मी केला," मी म्हणालो. "नायकासारखा शर्ट चाचांना मी फुकट शिवायचा, बदल्यात मध्यंतरात पडद्यावर माझ्या दुकानाची जाहिरात."

"काका, नमुना आमच्या दादांनी दिला. तुमी निस्ती मशीन मारली."

"मग खिसा उजवीकडं का होता, सांगा."

"हिरोचा तसाच असंल की!"

नव्हता. गिऱ्हाइकांना मी आयुष्यभर तीच मुंबईची फॅशन म्हणून सांगत आलो होतो. आता गप्प बसलो असतो, तर श्रेय दादांकडे जात होते. म्हणून खरे ते सांगितले. चित्रपट लागण्याआधी टॉकीजमध्ये नायकाच्या चित्राची काचेची स्लाइड दाखवत. ऑपरेटरने ती उलटी घातली होती. तिच्यावर एकही अक्षर नसल्याने कुणाला कळले नाही. मी पडद्याकडे पाहत वहीत नमुना उतरवला आणि डावा खिसा उजवीकडे गेला. पहिल्याच खेळाला चूक ध्यानात आली, पण तोवर शर्ट चाचांच्या अंगावर होता आणि पोरे माझ्याकडे येऊन 'डोअरकीपरसारखा शिवा' म्हणत होती. नायकासारखा कुणी मागितलाच नाही.

चाचा माझ्याकडे वळले. "मास्तर, म्हंजे हिरोचा म्हणून म्या तुमची चूक घालून फिरलो व्हय?"

"व्हय, चाचा."

"तरी म्हणलं, तिकिटं ठेवताना हात सारखा डावीकडं का जातोय!" ते पोट धरून हसले. "पर शर्ट लई झ्याक होता."

मग पुढचे गिऱ्हाईक आले, तेव्हा चिरंजीव माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "आपल्या गावात हे सगळं या काकांनी चालू केलं."

"चुकीसकट सांगा," मी म्हणालो.