मास्तरांच्या जाकिटाचं बटण

मास्तरांच्या जिभेला कधीच हाड नव्हतं. वीस वर्षं मी त्यांच्या शिवणाच्या दुकानात काजं-बटणं केली. एक टाका वाकडा गेला की माझ्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा. मग अर्धांगाचा झटका आला. उजवा हात लुळा पडला आणि शब्द गेले. ऐकलेलं सगळं समजायचं, पण होकार द्यायचा असला की मान नकाराची हलायची, नाही म्हणायचं असलं की होकाराची.

ते त्यांच्या मुलाच्या पथ्यावरच पडलं. त्याला दुकान भाड्याने द्यायचं होतं. "बाबा, देऊ ना?" विचारायचा, मान हलली की खूश. असला लेक वैऱ्यालाही नको.

अशात दवाखान्यातून एक इंजिनियर बोलका पट्टा घेऊन आला. म्हणे वर्षभर खपून बनवलाय. बांधला डाव्या मनगटावर, दाबायचा उजव्या बोटांनी, आणि तीच बोटं लुळी. पट्ट्यात बारा वाक्यं होती: पाणी द्या, मी ठीक आहे, धन्यवाद. "नाही" कुठंय, मी विचारलं. पेशंटला निराश वाटू नये म्हणून ठेवलं नाही, असं तो म्हणाला. शहाणाच म्हणायचा. आजारी माणसाला कुणी काही विचारेल, हे याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

मी पट्टा सोडून टेबलावर ठेवला. मास्तरांनी डाव्या हाताने कात्री उचलून पट्ट्याकडे रोखली. मग माझ्या बटणांच्या डब्याकडे, मग स्वतःच्या जाकिटाकडे. इंजिनियरने पट्ट्यातल्या दाबायच्या कळा एकेक करून सोडवून दिल्या. त्या मी जाकिटाच्या उजव्या छातीवर, डावा हात पोचेल अशा शिवल्या. वर वेगवेगळी बटणं लावली, न बघता बोटांना कळावीत म्हणून. सगळ्यात मोठं, कोटाचं बटण "नाही"साठी. त्यात इंजिनियरने भरून दिलेला आवाज माझ्या फोनमधला. ऐन लगीनसराईत मी रजा मागितली होती, तेव्हा मास्तरांनी त्यांच्याच आवाजात पाठवलेला निरोप रागाने जपून ठेवला होता.

आठवड्याने मुलगा भाडेकरूला घेऊन आला. तो माणूस आमच्याच टेपने भिंती मोजायला लागला. मुलाने विचारलं, "बाबा, देऊ ना?"

मास्तरांची मान होकाराची हलली. हात मात्र छातीवर गेला.

"नाही. मुळीच नाही. दुकान बंद राहणार नाही."

त्यांचाच आवाज, तसाच खेकसणारा. मुलाचा चेहरा पडला. भाडेकरूने टेप टेबलावर ठेवला आणि चपला घातल्या.

माझे डोळे भरून आले. आज जरा लवकर घरी जाऊ का, मी विचारलं.

मास्तरांनी तेच बटण दाबलं.